भरलेल्या पायऱ्या

त्या शनिवारी कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या पायऱ्या भरल्या. हाफटाईमला त्या रिकाम्या झाल्या. त्या संध्याकाळनंतर आप्पा आणि दादा बास्केटबॉलविषयी एकमेकांशी बोलले नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. नगरच्या एका कॉलेजात ते खेळाचे शिक्षक आणि बास्केटबॉल संघाचे कोच होते. शहराच्या पाट्यांवर आता नवं नाव आलं आहे, पण ही माणसं नगरची होती, म्हणून मी नगरच लिहिते. दादा माझा मोठा भाऊ, त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मी पहिल्या वर्षाला. आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. दादा गेला त्याला अजून वर्षही झालेलं नाही. त्याच्या दहाव्याला त्याचा जुना मित्र बबन आला होता. जाताना त्यानं माझा नंबर घेतला आणि नगरच्या जुन्या बास्केटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला घातलं. खाली लिहिलं, 'दादाच्या जागी मंजू.' मी आयुष्यात कधी चेंडू हातात धरला नाही. तरी तिथून बाहेर पडावंसं वाटलं नाही, कारण त्या ग्रुपवर आप्पांचं नाव अजून रोज निघतं.

आम्ही सावेडीत राहायचो. आज तिथे बंगले आणि फ्लॅट आहेत. तेव्हा आमच्या मागच्या भिंतीपलीकडे ज्वारीचं रान होतं. दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचं अंगण. कॉलेजच्या स्टोअरमध्ये उंदीर चेंडू कुरतडायचे म्हणून आप्पा सगळे चेंडू घरी आणून ठेवत. ते खाटेखाली असत. आमच्या अंथरुणांना, कपड्यांना, माझ्या पुस्तकांनासुद्धा रबराचा वास होता. सकाळी आप्पा सायकलच्या पंपानं चेंडूंत हवा भरायचे आणि एकेक चेंडू फरशीवर आपटून कान देऊन ऐकायचे. 'ह्यात हवा कमी हाय,' असं म्हणत तो बाजूला काढायचे. आत आईची भाकरी थापणं चाललेलं असायचं. अर्धवट झोपेत मला या दोन आवाजांतला फरक कळायचा नाही. आई म्हणायची, 'तुमचा चेंडू थांबल तवाच माझी भाकरी गोल हुईल.' ती पारनेरकडची, आप्पाही तिकडचेच. कॉलेजात आप्पा शुद्ध बोलत. घरी पायातल्या बुटांबरोबर ती भाषाही उंबऱ्याशी काढून ठेवत.

मॅचच्या दिवशी आमच्याकडे शेंगोळी व्हायची. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, आणि हातावर वळून वळून केलेली ती वेटोळी, उकळत्या रश्श्यात सोडलेली. सगळी पोरं मॅचनंतर आमच्या अंगणात येऊन बसत, जिंकली तरी आणि हरली तरी. आप्पांचा एक नियम होता. दुसऱ्यांदा वाढून होईपर्यंत मॅचचं नाव काढायचं नाही. पोरं भुरके मारत गावाकडच्या, सिनेमाच्या, मास्तरांच्या गोष्टी करत, आणि सगळ्यांचे डोळे आईच्या पळीकडे असत. दुसरी वाढ झाली की आप्पा ताटाबाहेर हात झटकून म्हणायचे, 'हां. आता बोला.' मग जो गलका व्हायचा तो शेजारच्या गल्लीत ऐकू जायचा. हरलेल्या पोरांनासुद्धा तोवर पोटात ऊब आलेली असायची. आप्पांची कोचिंगची पद्धत मला कुणी विचारली तर मी एवढंच सांगू शकते.

दादा खेळत नव्हता. तो बुटका होता आणि त्याचा हात जड होता. आप्पांनी त्याला सरळ सांगितलं होतं, 'तुला खेळता यायचं न्हाई. पन तुला खेळ दिसतो. ते लई थोड्यांना असतं.' हे वाक्य दादानं पदकासारखं जपलं. प्रत्येक मॅचला तो पायऱ्यांवर असे, आणि मॅच नसेल तेव्हा कोर्टामागच्या चहाच्या टपरीवर. तिथे बबन आणि सलीम असत. शहरातल्या कॉलेजांचे कोच पहिला, दुसरा, तिसरा असे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचे, आणि दर मॅचनंतर भांडून क्रम बदलायचा, हा त्यांचा धर्म होता. पहिल्या नंबरावर बहुतेक वेळा दुसऱ्या एका कॉलेजचे कोच असत. ते मे महिन्यातही जॅकेट घालत, म्हणून त्यांना जॅकेट सर म्हणायचे. आप्पा दुसरे किंवा तिसरे.

लायब्ररीतून घरी जाताना मी दादाला बोलवायला टपरीपाशी थांबायची, तेव्हा ही भांडणं कानावर पडत.

'कोच म्हंजे जो जिंकून देतो तो,' बबन म्हणायचा. तो पाथर्डीकडचा, हॉस्टेलात राहणारा.

'जिंकतात पोरं,' दादा म्हणायचा.

'मग पोरांचा नंबर लाव की भिंतीवर! कोचचा कशाला लावतो?'

सलीम शांत असे. तो टपरीवाल्याचा भाचा, आमच्याच कॉलेजात शिकायचा. 'मी सांगू? पायऱ्या बघायच्या. जॅकेट सरांच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते. आपल्या सरांच्या मॅचला कुत्रं झोपलेलं असतं वरच्या पायरीवर.'

'त्यांच्याकडं गेटवर मास्तर मस्टर घेऊन बसतो. हजेरी लागते म्हणून येतात पोरं,' दादा म्हणाला.

'येतात ना पण?'

'आरं, ते काय प्रेक्षक झाले?'

'कुत्र्यापेक्षा बरे,' बबन म्हणाला, आणि सगळे हसले. दादाही हसला. मग माझ्याकडे पाहून त्यानं खडू खिशात टाकला.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. त्या पायऱ्यांवर पुष्कळ काही अवलंबून होतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला दुचाकींसाठी जागा हवी होती आणि कोर्ट गेटाजवळ होतं. प्रिन्सिपॉलांनी आप्पांना बोलावून सांगितलं होतं की शनिवारच्या मॅचला संस्थेचे सेक्रेटरी स्वतः येऊन बसणार आहेत. पोरं बघायलाच येत नसतील तर हा खेळ कुणासाठी चालवायचा, असं त्यांचं म्हणणं आहे. प्रिन्सिपॉल माणूस चांगला होता. त्यांनी उपायही सुचवला. त्या दिवशी हजेरी लावा, जॅकेट सरांच्या कॉलेजसारखी. पंचाहत्तर टक्क्यांसाठी पोरं कुठेही येतात.

हे आप्पांनी रात्री जेवताना सांगितलं. आई म्हणाली, 'मग लावा की. येक दिवस हजेरी लावली तर काय आभाळ पडतंय?'

'पेंड दाखवली की म्हैस येती,' आप्पा म्हणाले. 'ती पेंडंसाठी येती. उद्या पेंड न्हाई, म्हैस न्हाई. मला तसली मानसं नकोत तिथं.'

'आन कोर्ट गेलं तर?'

'खेळ चांगला झाला तर येतील पोरं.'

 दादा भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसला होता. मी तेव्हा ताटाशेजारी पुस्तक ठेवून जेवणारी मुलगी होते. त्या रात्री मात्र मी पान उलटलं नाही एवढं मला आठवतं.

गुरुवारी लेडीज रूममध्ये एक मुलगी दुसरीला सांगत होती, कुणाला सांगू नको, शनिवारच्या मॅचला हजेरी धरणार आहेत. शुक्रवारी ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मला वाटलं, आप्पा नमले. घरी मी विषय काढला नाही, कारण नमलेल्या माणसाला विचारू नये अशी माझी समजूत होती. शनिवारी सकाळी दादा आईला म्हणाला, 'आज शेंगोळी जास्त कर. आज लई लोक येतील.' आईनं शेजारून मोठं पातेलं मागून आणायचं म्हटलं, तर दादा बाजारात जाऊन नवंच घेऊन आला.

दुपारी मी कोर्टावर गेले तेव्हा पायऱ्यांवर जागा नव्हती. मुलं होती, मुली होत्या, सुप्याकडून एस.टी.नं येणारी होती, ज्यांना मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं अशीही होती. काहींच्या मांडीवर जर्नल उघडं होतं. सलीमच्या मामाची टपरी ओस पडली होती आणि सलीम किटली घेऊन पायऱ्यांतून फिरत होता. कुत्रं कुठे गेलं कोण जाणे. सेक्रेटरी खालच्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि मागे वळून वळून पाहत होते.

मग आप्पा चेंडूंची जाळी खांद्यावर घेऊन आले. ते नेहमी खाली पाहत चालायचे. कोर्टाच्या रेषेशी आल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि थांबले. त्यांनी जाळी खाली ठेवली, शर्ट पँटमध्ये नीट खोचला, हातानं केस बसवले. पुन्हा वर पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली, आणि आप्पांनी नवरदेवासारखा हात जोडून नमस्कार केला. माझे वडील हसले की त्यांच्या डाव्या गालावर एक घडी पडायची. ती घडी इतक्या लांबून मला दिसली. मी दादाला शोधलं. तो सर्वांत वरच्या पायरीवर, कुत्र्याच्या जागी, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. तो कोर्टाकडे पाहत नव्हता, आप्पांकडे पाहत होता.

पहिल्या हाफमध्ये आपली पोरं इतकी चांगली खेळली की जर्नलं मिटली गेली. बास्केट पडली की पायऱ्या ओरडायच्या, आणि ते ओरडणं खोटं नव्हतं हे मी आजही सांगेन. हाफटाईमची शिट्टी झाली. आप्पा पोरांना गोळा करून बोलत होते तेवढ्यात हिवरे बाजारकडून येणारी एक मुलगी पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेली. दप्तर छातीशी धरलेलं, वेण्यांना लाल रिबिनी. मी खालीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

'सर, हजेरी कवा घेनार? आमची चारची गाडी चुकंल. नंतरची पार अंधाराची हाय.'

'कसली हजेरी?' आप्पा म्हणाले.

'मॅचची. पंचाहत्तर टक्क्यांत धरनार हाय ना?'

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे. त्यांच्या गालावरची घडी अजून तशीच होती, ती हळूहळू गेली. बाजूला प्रिन्सिपॉल उभे होते. ते पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाले, 'सर, राहू द्या. मॅच संपल्यावर बघू. साहेब बसलेत.' त्यांचं खरं होतं. आप्पांनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते चालत कोर्टाच्या मध्यभागी गेले. त्यांना माईक लागत नसे. 'हजेरी नाही,' ते म्हणाले. 'कुणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. मॅचची हजेरी धरणार नाही. ज्यांना गाडी गाठायची असेल त्यांनी निघावं. ज्यांना बघायचं असेल त्यांनी बसावं.'

थोडा वेळ कुणी हललं नाही. मग ती रिबिनीवाली मुलगी गेटाकडे पळाली. तिच्यामागे गाडीची मुलं उठली. मग ज्यांना गाडी नव्हती ती उठली. मधल्या पायरीवरून कुणीतरी 'च्यायला, फसवलं राव' म्हणालं, आणि हसू फुटलं, आणि त्या हसण्यात सगळे सुटल्यासारखे उठले. पायऱ्या वरून खाली रिकाम्या होत आल्या. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, प्रिन्सिपॉलांना नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले. वर दादा एकटा राहिला होता.

मॅच आपण जिंकलो. एका पोरानं शेवटी मधल्या रेषेजवळून टाकलेला चेंडू कड्याला न लागता आत गेला, असा आवाज आला की जणू कुणी जाळी फाडली. ते पाहायला आम्ही थोडे लोक होतो.

संध्याकाळी पोरं अंगणात आली. आईनं वाढलं. पोरं गावाकडचं बोलायचा प्रयत्न करत होती. दुसरी वाढ झाली. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खात राहिले. आईनं तिसऱ्यांदा वाढलं. असं कधी झालं नव्हतं. मग शेवटची बास्केट टाकणारा पोरगा उठला, हात धुतले, आप्पांच्या पाया पडला, आणि बाकीचे त्याच्यामागे तसेच गेले. पातेलं निम्मंसुद्धा संपलं नव्हतं.

'कुणी सांगितलं पोरांना?' आप्पांनी विचारलं. ते ताटावरच बसून होते.

'मी,' दादा म्हणाला. 'बबन्याला आणि आणखी दोघांना. कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं.'

'का?'

'तुम्ही लावणार नव्हता म्हणून. आप्पा, तो सेक्रेटरी अर्ध्या तासात खूश होऊन गेला असता. तुम्ही नुसतं गप्प बसला असता तर कोर्ट राहिलं असतं.'

'आन त्या पोरीची गाडी?'

'तिला मी सायकलवर सोडली असती.'

'हिवऱ्याला?' आई म्हणाली. 'सायकलवर?' तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. एरवी आम्ही सगळेच हसलो असतो.

 आप्पा म्हणाले, 'मला वाटलं, पोरं खेळ बघायला आली.' एवढंच. रागानं म्हणाले असते तर दादानं उत्तर दिलं असतं, त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. आप्पा उठले, हात धुतले आणि आत गेले. दादा ओट्यावर बसून राहिला. पुढचे दोन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ शेंगोळीच खाल्ली. शिळी शेंगोळी जास्त चांगली लागते असं लोक म्हणतात.

उन्हाळ्यात कोर्टावरचे बास्केटचे बोर्ड काढले. आप्पांना एक खोली दिली, कॅरम आणि बुद्धिबळाची. निवृत्त होईपर्यंत ते तिथे बसले. दादा सुप्याला एका कारखान्यात लागला, शिफ्टच्या बसनं जायचा-यायचा. त्या दोघांचं भांडण होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. पावसाविषयी, दुधाच्या भावाविषयी, माझ्या लग्नाविषयी आणि नंतर माझ्या परत येण्याविषयी ते तासन्‌तास बोलत. टीव्हीवर बास्केटबॉल लागला तर दोघांपैकी एकजण चॅनेल बदले. खाटेखालचे चेंडू एकेक करून मुलांना वाटले गेले. दादा पुन्हा कुठल्या मॅचला गेल्याचं मला आठवत नाही.

मी वर लिहिलं की ते त्या खेळाविषयी पुन्हा बोलले नाहीत. एकदा बोलले, तेही लिहायला हवं. आप्पांच्या शेवटच्या आजारात दादा त्यांना चमच्यानं शेंगोळीचा रस्सा भरवत होता. खिडकीबाहेर शेजारचं पोर चेंडू आपटत होतं. आप्पांनी तोंड मिटलं आणि कान दिला. दादाचा चमचा तसाच हवेत राहिला.

'हवा कमी हाय,' आप्पा म्हणाले.

'व्हय,' दादा म्हणाला.

मग आप्पांनी तोंड उघडलं. मी दारात उभी होते. त्यापुढे ते काही बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात बबननं ग्रुपवर दरवर्षीचं मतदान लावलं, नगरचा आजवरचा एक नंबर कोच कोण. आता तो पाथर्डीला दूध डेअरी चालवतो आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. जॅकेट सर पुढे आहेत, आप्पा तिसरे. खाली भांडण तेच, माणसं तीच, फक्त मधे मधे बीपीच्या गोळ्यांचा विषय निघतो. एका कॉलेजातल्या तरुण कोचनं लिहिलं की हल्ली मॅचला कुणी येत नाही, पोरं मोबाईलमध्ये असतात. त्यावर कुणीतरी सुचवलं, पायऱ्यांवर क्यूआर कोड लावा, स्कॅन केला की हजेरी. बऱ्याच जणांनी त्याला अंगठे दिले. मी ते वाचून फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी बबनचा फोन आला. 'मंजू, तुझं मत आलं न्हाई. तुझ्या दादानंबी कधी दिलं न्हाई, इतकी वर्षं. आगं, निदान बापाला तरी दे. एका मतानं दुसरे हुतील.'

'मला खेळ दिसत नाही, बबनदादा,' मी म्हणाले. 'दादाला दिसायचा.'

 बबन म्हणाला, 'त्या दिवशी पायऱ्या काय भरल्या हुत्या गं.'

'हो,' मी म्हणाले.

कोर्टाच्या जागी आता दुचाकी उभ्या असतात. पायऱ्या तशाच आहेत, त्यांच्यावर पोरं हेल्मेट ठेवतात. दादानं आणलेलं पातेलं माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पालथं आहे. मी एकटी असते. शेंगोळी केली तर लहान भांड्यात करते.